बीटा ब्लॉकर बंद करू का? आधी ती गोळी कशासाठी चालू झाली ते बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. बाबा ६६ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट टाकला, तेव्हापासून मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅम रोज सकाळी, हीच ती बीटा ब्लॉकर. सोबत रक्त पातळ करायची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी आणि शुगरसाठी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन. आता बीपी ११८/७४, पल्स ५६, आणि बाबा म्हणतात थकवा येतो, वेताळ टेकडी पूर्वीसारखी चढवत नाही. सोसायटीतले काका म्हणाले ही बीटा ब्लॉकर हार्ट स्लो करते, बीपी नॉर्मल आहे तर घेताय कशाला, मीही माझी बंद केली. म्हणून चार दिवस बंद ठेवली आणि आता रात्री छातीत धडधडतंय. पुढे काय करायचं?

मी पुण्यातच फिजिशियन म्हणून बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने दर आठवड्याला ओपीडीत येतोच, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण आधी आजचं काम. बाबांच्या छातीत दुखत असेल, दाब वाटत असेल, दम लागत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, घाम फुटत असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हार्टच्या हॉस्पिटलात न्या. नुसतीच धडधड असेल तरी आजच त्यांच्या कार्डिओलॉजिस्टला फोन लावा आणि स्पष्ट सांगा की चार दिवस गोळी बंद होती, आजची पल्स इतकी, बीपी इतकं. लपवू नका, ओरडतील एवढंच. बहुतेक वेळा ते लगेच परत चालू करायला सांगतात, पण कितीची चालू करायची हे त्यांना ठरवू द्या, आणि राहिलेल्या चार दिवसांची भरपाई म्हणून दोन-दोन गोळ्या मात्र अजिबात देऊ नका.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंय की बीटा ब्लॉकर चांगली का वाईट, चालू ठेवू का बंद करू. असं सरसकट सांगताच येत नाही, कारण एकच गोळी पाच वेगवेगळ्या माणसांना पाच वेगवेगळ्या कारणांसाठी दिलेली असते. कोणाला बीपीसाठी, कोणाला अटॅकनंतर, कोणाला हार्टचं पंपिंग कमी झालंय म्हणून, कोणाला ठोके अनियमित पडतात म्हणून, आणि कोणाला तर हार्टशी संबंध नसताना, म्हणजे मायग्रेन, थायरॉइड वाढल्याची धडधड, हात थरथरणं, लिव्हरच्या आजारात अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटू नयेत म्हणून. बंद करता येईल का, कधी, कशी, याचं उत्तर त्या कारणात असतं, आणि गंमत म्हणजे दहातल्या सात-आठ घरांत ते कारण कोणाला माहीतच नसतं, "बीपीची गोळी" एवढंच माहीत असतं. तुमच्या काकांचंही बहुधा तेच झालंय.

काकांना ती समजा नुसत्या बीपीसाठी असेल, तर त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाहीये. एके काळी बीपी म्हटलं की ॲटेनोलॉल, तीही बीटा ब्लॉकरच, असा जमाना होता, आमच्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी ती भरपूर लिहिली आणि अनेक ज्येष्ठ मंडळी अजून तीच घेतायत. पण २००२ मध्ये लाइफ नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात लोसार्टान घेणाऱ्यांना ॲटेनोलॉल घेणाऱ्यांपेक्षा पॅरालिसिसचे झटके कमी आले, मग २००६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी बीटा ब्लॉकरला साध्या बीपीच्या पहिल्या पसंतीतून काढलं. आज नुसतं बीपी असलेला नवीन पेशंट आला तर मी ॲम्लोडिपीन किंवा टेल्मिसार्टान अशा गटातल्या गोळीने सुरुवात करतो. म्हणजे काकांनी डॉक्टरकडे जाऊन बदलून घ्यायला हरकत नव्हती. स्वतःच्या मनाने एका रात्रीत बंद करणं हे चूक, आणि स्वतःचा हिशोब तुमच्या बाबांना लावणं ही त्याहून मोठी चूक.

बाबांना अटॅक येऊन गेलाय, तेव्हा त्यांच्या बाबतीत बीपी ११८ आहे हा गोळी बंद करायचा पुरावाच होत नाही. एक तर ते ११८ गोळीमुळेच असू शकतं, आणि दुसरं म्हणजे त्यांना ही गोळी मुळात बीपीसाठी दिलेलीच नसणार. ती दिली जाते हार्टवरचा लोड कमी करायला. ठोके कमी, प्रत्येक ठोक्याचा जोर कमी, म्हणजे हार्टच्या स्नायूला ऑक्सिजन कमी लागतो, शिवाय ॲड्रिनॅलिनच्या, म्हणजे ताणात शरीर सोडतं त्या संप्रेरकाच्या, भडिमारामुळे जे धोकादायक ठोके पडू शकतात तेही आटोक्यात राहतात. काका म्हणाले हार्ट स्लो करते, बरोबर आहे की, त्याच कामासाठी आहे ती.

आता तुम्ही एक महत्त्वाची गोष्ट लिहिलेली नाही, ती म्हणजे इकोचा, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. फाइल काढा, त्यात एलव्हीईएफ किंवा नुसतं ईएफ असं लिहून पुढे टक्का दिलेला असतो, ५५, ४५, ३० असा. हार्ट एका ठोक्यात आतलं किती टक्के रक्त बाहेर फेकतं तो आकडा. माझ्या दृष्टीने तुमचं सगळं उत्तर त्या एका आकड्यावर फिरतं. तो ४० किंवा त्याखाली असेल तर ही गोळी बंद करायचा विषयच काढू नका. कमी पंपिंगवाल्यांमध्ये बायसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट (मेटोप्रोलॉलचा सावकाश विरघळणारा प्रकार) या तिघींनी मृत्यू कमी होतात हे १९९९ ते २००१ च्या दरम्यान आलेल्या मोठमोठ्या चाचण्यांनी नीट सिद्ध केलंय. अशा पेशंटला आम्ही अगदी बारीक डोसने चालू करतो, दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी वाढवतो, सुरुवातीला थकवा येतो, कधी पायावर सूज वाढते, पण सहा महिन्यांनी तोच माणूस जिना चढताना वेगळा दिसतो.

आणि ईएफ ५० च्या वर असेल तर? मग तुमचा प्रश्न खरंच चांगला आहे, आणि कार्डिओलॉजिस्टसुद्धा सध्या यावर आपापसात वाद घालतायत. अटॅकनंतर बीटा ब्लॉकर आयुष्यभर हा नियम १९८० च्या दशकातल्या अभ्यासांवरून आला, तेव्हा ना स्टेंट होते ना आजच्यासारखी कोलेस्टेरॉलची औषधं. २०२४ मध्ये स्वीडनमधला रिड्यूस-एएमआय अभ्यास आला, ज्यांचं पंपिंग नीट आहे त्यांना अटॅकनंतर ही गोळी देऊन फायदा दिसला नाही. २०२५ मध्ये स्पेन-इटलीतल्या रीबूटमध्ये ४० च्या वर ईएफ असलेल्या साडेआठ हजार पेशंटमध्ये तसंच. पण त्याच वर्षी डेन्मार्क-नॉर्वेच्या अभ्यासात थोडा फायदा दिसला. आणि तुमच्याशी सगळ्यात जवळचा म्हणजे २०२४ चा फ्रान्समधला अबिस, कारण त्यात गोळी आधीपासून घेत असलेल्यांचीच बंद करून बघितली. बंद केलेल्यांमध्ये हार्टच्या तक्रारींसाठी ॲडमिट व्हायचं प्रमाण वाढलं, बीपी आणि ठोके वाढले, आणि जी आशा होती की गोळी सुटल्यावर लोकांना बरं, उत्साही वाटेल, तसं काही मोजमापात आलं नाही. म्हणून माझं मत असं की बाबांचं ईएफ चांगलं असेल, छातीत दुखणं अजिबात नसेल, ठोके नियमित असतील आणि गोळीचा खरोखर त्रास होत असेल तर डॉक्टरसमोर बसून "कमी करता येईल का, बंद करता येईल का" असं जरूर विचारा, तो तुमचा हक्क आहे. पण थकवा जाईल म्हणून बंद करायची तर हात रिकामे राहायची शक्यता बरीच आहे.

बंद करायची ठरलीच तरी एकदम नाही. का ते सांगतो. गणपतीत मंडळाने स्पीकर बारीक केला की लोक कान टवकारून ऐकायला लागतात, आणि तसं कान लावून बसलेले असताना कोणी एकदम आवाज मोठा केला तर सगळे दचकतात. शरीराचं तसंच होतं. गोळी ॲड्रिनॅलिनचा आवाज दाबून ठेवते, म्हणून हार्टच्या पेशी तो ऐकणारे रिसेप्टर वाढवतात. गोळी अचानक सुटली की तेवढंच ॲड्रिनॅलिन दुप्पट जोरात लागतं. धडधड, बीपी उसळणं, ज्यांच्या रक्तवाहिन्यांत आधीच ब्लॉक आहेत त्यांना छातीत दुखणं, क्वचित अटॅकसुद्धा. बाबांची रात्रीची धडधड बहुधा हीच आहे. म्हणून ५० ची २५ करून साधारण एक-दोन आठवडे, मग बंद, कधी त्याहून सावकाश, आणि त्या काळात टेकडी, जड सामान उचलणं वगैरे जरा बाजूला. हे वेळापत्रक डॉक्टरने आखायचं, आपण नाही.

पल्स ५६ बद्दल. ही गोळी घेणाऱ्याची बसल्या जागी ५६ असेल आणि चक्कर, डोळ्यापुढे अंधारी, दम असं काही नसेल तर मला त्याची काळजी वाटत नाही, अनेकदा तेवढीच हवी असते. ५० च्या खाली सतत यायला लागली, किंवा आकडा काहीही असो पण उठताना गरगरलं, एकदा जरी शुद्ध गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि ईसीजी. मोजायची पद्धतही नीट ठेवा, पाच मिनिटं शांत बसून, मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. जिना चढून आल्याआल्या मशीन लावायचं आणि मग आकडा बघून घाबरायचं हे फार चालतं. ठोके अनियमित असतील तर बीपीचं मशीन आणि मनगटावरचं घड्याळ दोन्ही चुकू शकतात, तिथे बोटंच बरी.

थकव्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. गोळीमुळे येऊ शकतो, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत किंवा डोस वाढवल्यावर. पण दोन वर्षं तोच डोस चालू आहे आणि थकवा आत्ता आत्ता आला असेल तर मी आधी दुसरीकडे बघेन. हिमोग्लोबिन, थायरॉइड, किडनीसाठी क्रिएटिनिन, आणि बी-१२, कारण मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-१२ कमी होतं आणि घर शाकाहारी असेल तर ते आधीच काठावर असतं. नवीन थकवा म्हणजे हार्टचीच नवीन तक्रार नाही ना हेही बघायला लागतं, म्हणून ईसीजी आणि गरज पडली तर इको परत. टेकडीचं म्हणाल तर या गोळीवर ठोके एका मर्यादेवर वाढतच नाहीत, म्हणून घड्याळातला "एवढे ठोके व्हायलाच हवेत" हा हिशोब बाबांना लागू नाही. चढताना सोबतच्या माणसाशी वाक्य पूर्ण बोलता येतंय तेवढा वेग बरोबर. हात-पाय गार पडणं, विचित्र स्वप्नं पडणं, पुरुषांमध्ये सेक्सची तक्रार, याही गोष्टी असू शकतात, आणि शेवटची कोणी स्वतःहून बोलत नाही, गुपचूप गोळी सोडतात. गटातली दुसरी गोळी, उदाहरणार्थ नेबिव्होलॉल किंवा बायसोप्रोलॉल, किंवा डोसची वेळ बदलून बऱ्याचदा काम होतं. तेव्हा लाज न धरता बोला.

शुगरचं आता जरा लक्ष देऊन वाचा, कारण बाबांच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकलेली जोडी हीच आहे. ग्लिमेपिराइडने शुगर खाली जाऊ शकते. शुगर उतरली की शरीर धडधड आणि थरथर करून ओरडून सांगतं, आणि बीटा ब्लॉकर नेमक्या त्याच दोन खुणा झाकतो. घाम मात्र झाकला जात नाही. आमच्याकडे चतुर्थी-एकादशीला दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहायचं आणि सकाळची शुगरची गोळी मात्र नेमाने घ्यायची असं करणारे भरपूर आहेत. अशा दिवशी बाबांना उगाच घाम फुटला, बोलणं तुटक झालं, चिडचिड किंवा गुंगी आली तर धडधड नाहीये म्हणून थांबू नका, आधी ग्लुकोमीटर लावा, ७० च्या खाली असेल किंवा मीटर हाताशी नसेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही ओतू नका, १०८. उपवास धरायचाच असेल तर त्या दिवशी शुगरची गोळी किती घ्यायची हे आधी विचारून ठेवा. हार्टची गोळी उपवासालाही घ्यायचीच, घोटभर पाण्याने मोडत असेल तर मोडू दे.

पुढच्या व्हिजिटला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून न्या. लोक माझ्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात गोळ्या आणतात, अर्ध्या स्ट्रिपची नावं कापलेली, पण त्या डब्यात काय काय सापडतं! कार्डिओलॉजिस्टने दिलेलं मेटोप्रोलॉल आणि जुन्या फॅमिली डॉक्टरची ॲम्लोडिपीन-ॲटेनोलॉल अशी जोडगोळी, म्हणजे नकळत दोन बीटा ब्लॉकर. नावाच्या शेवटी "लॉल" दिसलं की दोनदा बघायचं हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल सोबत असेल तर ठोके फार खाली जाऊ शकतात, हार्ट ब्लॉक (ठोक्याचा विजेचा संदेश अडणं, रक्तवाहिनीतला ब्लॉक नव्हे) होऊ शकतो, कधी ईसीजी बघून मुद्दाम देतात पण डॉक्टरला माहीत असायला हवं. बीपीसाठी म्हणून आणलेल्या आयुर्वेदिक गोळीत सर्पगंधा असेल तर तीही ठोके आणि बीपी खाली ओढते. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेलं डायक्लोफिनॅक उलटं बीपी चढवतात. मेटोप्रोलॉल आणि मेटफॉर्मिन दोन्हींचे बरेच ब्रँड "मेट" नेच सुरू होतात, मेडिकलवाल्याने बदली ब्रँड दिला तर मूळ औषधाचं नाव वाचून घ्या. आणि एक कोणाच्या डोक्यात येत नाही ते, काचबिंदूचे टिमोलॉलचे ड्रॉप. तोही बीटा ब्लॉकरच, डोळ्यातून रक्तात जातो, ठोके कमी करतो, दमेकऱ्याला दम लावतो. ड्रॉप टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरला तर शरीरात कमी जातो.

दम्यावरून आठवलं, तुम्ही लिहिलेलं नाही पण बाबांना दमा असेल तर सांगायलाच हवं. मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल या मुख्यतः हार्टवर काम करणाऱ्या गोळ्या काळजीपूर्वक, कमी डोसने देता येतात, प्रोप्रॅनोलॉलसारखी सगळीकडे काम करणारी दमेकऱ्याला टाळतात. ऑपरेशन असेल, मोतीबिंदूचं का असेना, तर भूलतज्ज्ञाला ही गोळी सांगायची आणि स्वतःहून बंद करायची नाही, साधारणपणे ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याने घ्यायला सांगतात.

गोळी घ्यायची पद्धत सोपी आहे. स्ट्रिपवर एक्सएल किंवा ईआर असेल तर ती सावकाश विरघळणारी, चावायची नाही, कुटायची नाही, मध्ये रेघ असेल तर रेघेवर अर्धी करता येते. एखादा डोस विसरला आणि तासा-दोन तासांत आठवला तर घ्या, दुसऱ्या डोसची वेळ आली असेल तर सोडून द्या. गावाला जाताना चार दिवस जास्तीच्या गोळ्या ठेवा, दिवाळीत मेडिकल बंद होतं म्हणून खंड पडलेले पेशंट मी दरवर्षी बघतो.

तेव्हा तुमच्या घरापुरतं क्रमाने असं: आज फोन, गोळी त्यांच्या सांगण्याप्रमाणे परत चालू, इकोचा आकडा शोधा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी आणि पल्स कागदावर लिहा, थकव्याच्या रक्ततपासण्या, मग अपॉइंटमेंट घेऊन कमी करायचं का यावर बोला.

शेवटी तुम्ही जाता जाता विचारलंय की तुमचा भाऊ सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय, त्याच्या रूममेटने सांगितलं की मुलाखतीच्या आधी प्रोप्रॅनोलॉल घेतली की हात थरथरत नाहीत. खरं आहे, छातीतली धडधड आणि थरथर कमी होते, डोक्यातली भीती तशीच राहते. सर जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात ही गोळी शोधली ती छातीत दुखणाऱ्यांसाठी, त्याच कामासाठी त्यांना १९८८ चं नोबेलही मिळालं, पण वादक आणि वक्ते तिच्या मागे लागले ते याच फायद्यासाठी. तरुण, धडधाकट माणसाला डॉक्टर कधीकधी एखाद-दुसऱ्या प्रसंगापुरती कमी डोसमध्ये देतात. पण लहानपणी दमा होता का, बीपी आधीच कमी आहे का, ठोके मुळातच कमी आहेत का, शुगरची औषधं चालू आहेत का, हे विचारल्याशिवाय आणि एकदा ईसीजी बघितल्याशिवाय मी देत नाही. रूममेटच्या स्ट्रिपमधली तर नकोच. डॉक्टरने दिलीच तर पहिल्यांदा मुलाखतीच्या दिवशी घ्यायची नाही, आधी एखाद्या मोकळ्या दिवशी घरी घेऊन बघायची, कारण काहींना बीपी उतरून असं गरगरतं की खुर्चीतून उठवत नाही, आणि पॅनेलसमोर ते झालेलं कोणालाच परवडणार नाही.